नेच्याला नाव ठेवण्याआधी

नेचा (फर्न) वेगळा, नव्या जातीचा दिसला की आधी नावच सुचू लागतं. सुचू द्या, पण नवी जात जाहीर करण्याच्या कामांच्या या यादीत त्याचा नंबर शेवटून दुसरा आहे.

पहिलं काम, त्या झाडाकडे परत जाणं. नुसतं पान खुडून आणलं असेल तर त्यावर फार काही ठरत नाही. खोड, त्यावरचे खवले, देठाचा तळ आणि बीजाणू धरलेलं पान हे सगळं नमुन्यात हवं. खवले टिकतात ते देठाच्या तळाशी, आणि आपण नेमकं त्याच्या वर कापतो! रोपं मोजकीच असतील तर मात्र खोड उपटू नका, तुकडा घ्या. त्याच जागेची कोवळी, जून, सावलीतली, उन्हातली रोपंही पाहा. वयाप्रमाणे नेच्याचं पान इतकं बदलतं की एकाच जातीच्या दोन वाटाव्यात. वाळल्यावर रंग आणि पोत जातो, तो जागेवरच लिहून ठेवा. पानाचा एक तुकडा डीएनएसाठी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये वेगळा ठेवा.

मग सूक्ष्मदर्शक. पानाखालचे बीजाणुपुंज (बीजाणूंच्या पिशव्यांचे ठिपके) कडेला आहेत की मधल्या शिरेलगत, त्यांवर आच्छादन आहे का, असेल तर गोल की मूत्रपिंडासारखं, हे टिपा. बीजाणू मोजायचा कंटाळा करू नका. बहुतेक नेच्यांच्या एका बीजाणुधानीत, म्हणजे बीजाणूंच्या पिशवीत, ६४ बीजाणू असतात. ३२ धड बीजाणू निघाले तर ते रोप बहुधा फलनाशिवायच वाढणारं. वेडेवाकडे, पोकळ निघाले तर संकराचा संशय घ्या. डीएनएवर विसंबून ही पायरी गाळू नका: नेच्यांत हरितलवकाचा डीएनए बहुधा मातृरोपाकडूनच येतो, त्यामुळे केवळ तो तपासला तर संकर लपून राहतो. बऱ्याच 'नव्या जाती' इथेच संपतात. छापून झाल्यावर संपण्यापेक्षा बरं.

पुढचं काम सगळ्यात कंटाळवाणं. जवळच्या प्रत्येक जातीचे मूळ टाइप नमुने, म्हणजे ज्यांना ते नाव कायमचं बांधलेलं असतं ते, पाहायचे, आणि दुसऱ्या जातीत विलीन केलेली जुनी नावंही उकरायची. वनस्पतींच्या नावांचा हिशेब १ मे १७५३ पासून सुरू होतो. एवढ्या काळात कुणीतरी तुमच्या नेच्याला नाव देऊन ठेवलं असेल, तर तेच वापरावं लागतं.

आता नाव. जातीच्या नावातलं विशेषण प्रजातीच्या (म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाच्या, जीनसच्या) लिंगाप्रमाणे चालतं. पांढरा, पांढरी, पांढरं म्हणणाऱ्यांना हे सांगायला नको. ड्रायोप्टेरिस स्त्रीलिंगी म्हणून 'आल्बा', अस्प्लेनियम नपुंसकलिंगी म्हणून 'आल्बम'. त्या प्रजातीत तेच नाव आधी वापरलेलं नाही ना, हे आंतरराष्ट्रीय वनस्पतिनाम सूचीत तपासा. स्वतःचंच नाव द्यायला नियम आडवा येत नाही, पण देऊ नये.

शेवटी कागदपत्रं. जातीचं वर्णन किंवा 'निदान' (ती इतरांहून कशी वेगळी हे सांगणारा मजकूर) लॅटिन अथवा इंग्रजीत हवं. इंग्रजीची मुभा १ जानेवारी २०१२ पासूनची. नुसतं मराठीत लिहिलेलं वर्णन कितीही नेमकं असलं तरी नाव वैध ठरत नाही. होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा टाइप, एकच नमुना, आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) आहे हे लेखात छापलेलं हवं. म्हणून लेख पाठवण्याआधी नमुना तिथे जमा करा, नोंदणी क्रमांक घ्या, आणि त्याच वेळी गोळा केलेले जादा नमुने दुसऱ्या एखाद्या हर्बेरियमला पाठवून द्या.