पालेभाजी थोडी, रोज आणि तेलासह

नाशिकच्या बाजारात थंडीत मेथी-कोथिंबिरीची आवक वाढली की जुडीचा भाव कोसळतो आणि घरात सलग आठ दिवस मेथीच शिजते. श्रावण लागला की हीच पालेभाजी अनेक घरांतून महिनाभर वर्ज्य होते. ‘के’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र हा चढउतार टाळावा, कारण शरीर त्याचा साठा फार दिवस टिकवून ठेवत नाही.

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हेन्रिक डाम यांनी स्निग्धांश काढून टाकलेले खाद्य कोंबडीच्या पिलांना दिले, तेव्हा त्यांना रक्तस्राव होऊ लागला. त्यातूनच या जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि १९३५ मध्ये त्याला डॅनिश आणि जर्मनमधील ‘कोआग्युलेशन’ (Koagulation), म्हणजे रक्त गोठणे, या शब्दाचे आद्याक्षर मिळाले. यकृतात तयार होणारी रक्त गोठवणारी काही प्रथिने या जीवनसत्त्वावाचून निकामी राहतात. हाडांतील ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनालाही ते लागते.

प्रौढांसाठी अमेरिकेत पुरेसे मानलेले प्रमाण स्त्रियांना रोज ९० आणि पुरुषांना १२० मायक्रोग्रॅम आहे. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ४८० मायक्रोग्रॅम ‘के’ असते, म्हणजे मूठभर पालकानेही दिवसाची गरज भागते. पोह्यांवर भुरभुरलेल्या चिमूटभर कोथिंबिरीने हे साधत नाही, तिची चटणी वाटावी लागते. पान जितके गडद हिरवे तितके ‘के’ अधिक, म्हणून कोबीची बाहेरची हिरवी पाने सरसकट फेकू नयेत. पालक, माठ, मेथी, शेपू, कांद्याची पात आलटून पालटून आणावी; पावसाळ्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून येणाऱ्या रानभाज्याही घ्याव्यात, मात्र त्या ओळखणाऱ्या विक्रेत्याकडूनच.

घरी आणलेली जुडी सोडून, सडकी पाने काढून, ती ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवावी. उजेडाने ‘के’ कमी होते. भाजी चिरण्याआधी भरपूर पाण्यात दोन-तीनदा बुडवून धुवावी, म्हणजे माती तळाशी बसते. शिजवण्याच्या उष्णतेने ‘के’ फारसे नष्ट होत नाही आणि ते पाण्यात विरघळतही नाही, परंतु भाजी उकडून पाणी ओतून दिले तर फोलेट आणि ‘सी’ जीवनसत्त्व त्याबरोबर जाते. ‘के’ शोषले जाण्यासाठी मात्र जेवणात स्निग्धांश हवा. लसणाची फोडणी, दाण्याचा कूट किंवा मेथीच्या घोळाण्यावरचे कच्चे तेल हे काम उत्तम करते. तेलावाचून उकडलेला पालक खाण्याचा अट्टहास मला म्हणूनच पटत नाही.

खरी सावधगिरी वॉरफेरिन किंवा ॲसेनोकूमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी बाळगावी. ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाचा शरीरातील पुनर्वापर रोखून रक्त गोठण्याची क्रिया मंदावतात आणि त्यांची मात्रा रुग्णाच्या नेहमीच्या आहाराला जुळवून ठरलेली असते. मेथी अचानक वाढली तर औषधाचा परिणाम घटून गुठळीचा धोका निर्माण होतो. श्रावणात पालेभाजी एकदम सुटली, तर ‘आयएनआर’ (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा) चढून रक्तस्राव होऊ शकतो. पालेभाजी पूर्ण बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दर आठवड्याला साधारण तेवढीच वाटी खाणे, हा आहे. व्रत धरायचेच असेल तर ते सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून आयएनआरची तपासणी कधी करावी ते विचारून घ्यावे आणि औषधाची मात्रा स्वतःहून बदलू नये. ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन यांसारख्या नव्या औषधांना हे पथ्य लागू होत नाही, म्हणून आपल्या गोळीचे नाव आधी चिठ्ठीवर पाहून घ्यावे.

ऑक्सलेटचा मूतखडा झालेल्यांनी पालक आणि माठ बेतानेच खावेत; मेथी त्यांना त्या मानाने बरी.