रूळ गेलेले लोहमार्ग आणि कालव्यांचे काठ: गाड्या नसलेल्या वाटांवर सायकल टूर कशी आखावी

गाड्या नसलेली लांब पल्ल्याची सायकलवाट बहुतेक वेळा तीनपैकी एक असते: रूळ उखडलेला जुना लोहमार्ग, कालव्याचा काठ किंवा नदीचा बांध. यातली कोणती आपल्या वाट्याला येणार हे कळलं, की चढ, जमीन, सावली आणि वारा यांचा निम्मा अंदाज तिथेच येतो. त्यामुळे किलोमीटर मोजण्याआधी वाटेचा जन्म कशातून झाला ते बघा.

वाफेच्या इंजिनाचं लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. शंभर मीटरला दोन मीटर एवढा चढसुद्धा त्याला जड जायचा. म्हणून लोहमार्ग बांधणाऱ्यांनी डोंगर फोडले, दऱ्यांवर पूल टाकले आणि चढ पसरवून ठेवला. आज सायकलवरून जाताना तो चढ डोळ्यांना दिसत नाही, फक्त पाय जड होतात. ब्रेक घासतोय की काय म्हणून लोक उतरून चाक फिरवून बघतात. चाक मोकळं फिरत असेल तर मागे वळून वाटेकडे बघा, उतार दिसेल.

दिशा निवडताना हे उपयोगी पडतं. अमेरिकेतली पिट्सबर्ग ते कंबरलँड ही ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज वाट साधारण 240 किलोमीटरची. तिचा सर्वोच्च बिंदू 729 मीटरवर आहे, पण तो मधोमध नाही. कंबरलँडकडून निघालात तर 38 किलोमीटरांत सुमारे 530 मीटर चढावं लागतं. पिट्सबर्गकडून निघालात तर तोच माथा 200 किलोमीटरांत हळूहळू गाठता येतो आणि शेवटचा टप्पा सगळा उताराचा मिळतो. सामान लादलेल्या नवख्या माणसाने पिट्सबर्गहूनच निघावं. डॅन्यूबकाठी पासाऊ ते व्हिएन्ना या जवळपास 320 किलोमीटरांत नदीचा उतार पूर्वेकडे आणि वाराही बहुतेक दिवस पश्चिमेचा, म्हणून जवळजवळ सगळे त्याच दिशेने जातात. कालव्यावर उतार नगण्य असतो, तिथे वाराच मालक. समोरून जोराचा वारा असला तर सपाट बांधावर ताशी पाच किलोमीटर सहज कमी होतात, आणि लपायला वळणही मिळत नाही.

नकाशाच्या अ‍ॅपमधल्या चढाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. ते जमिनीची उंची मोजतं. बोगद्याच्या जागी वरचा डोंगर धरतं, पुलाच्या जागी खालची दरी. त्यामुळे जुन्या लोहमार्गावर अ‍ॅप 900 मीटर चढ दाखवतं आणि प्रत्यक्षात 400 निघतो. उंचीच्या आलेखात सुळक्यासारखं टोक दिसलं, की तिथे उपग्रहाचं चित्र उघडून बोगदा आहे का ते पाहा. त्याच बैठकीत वाट कुठे तुटते तेही शोधा. पडलेला पूल किंवा विकली गेलेली जमीन आली, की वाट दोन-चार किलोमीटर गाड्यांच्या रस्त्यावर येते. ‘गाड्याविरहित’ म्हणवणाऱ्या बहुतेक वाटांवर असे तुकडे असतात, आणि ते नेमके गावात शिरताना येतात. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन नकाशावर वाटेचा प्रकार आणि पृष्ठभाग दोन्ही नोंदलेले असतात. सगळा मार्ग ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण खोल कापलेल्या चरांत सिग्नल जातो. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये काम सोपं आहे. तिथे वाटांच्या प्रत्येक चौकाला क्रमांक आहे, आणि ही पद्धत 1995 मध्ये बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात सुरू झाली. दिवसाचे क्रमांक क्रमाने चिकटपट्टीवर लिहून हँडलवर लावले, की फोन खिशात राहतो.

आता जमीन. टूर बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

डांबरावर 28 ते 32 मिलिमीटरचा टायर पुरतो. चुनखडीच्या दाबलेल्या चुऱ्यावर 35 ते 40 लागतो. मातीच्या, मुळं वर आलेल्या काठावर 42 च्या खाली जाऊ नका. दक्षिण फ्रान्समधला कॅनाल दु मिदी याचा नमुना आहे. 1666 ते 1681 दरम्यान खोदलेला हा 240 किलोमीटरचा कालवा 1996 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तुलूझच्या बाजूला काठ डांबरी आणि गुळगुळीत, पण पूर्वेकडे सरकाल तशी माती आणि चिनार जातीच्या झाडांची मुळं सुरू होतात. ‘एकाच कालव्याची एकच वाट’ असं समजून अरुंद टायरवर निघालेल्यांचे हात दुसऱ्या दिवशी सुजतात. शिवाय 2006 मध्ये तिथे झाडांना बुरशीचा रोग लागल्याचं आढळलं आणि तेव्हापासून हजारो झाडं पाडावी लागली. जुन्या फोटोंतली सलग सावली सगळीकडे मिळेल असं धरू नका. दोन बाटल्यांऐवजी तीन बाटल्या न्या.

टायरमधल्या हवेचा अंदाज: 75 किलोचा सायकलस्वार, 12 किलो सामान आणि 40 मिलिमीटरचा टायर असेल, तर मागे 45 ते 50 पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप), पुढे 38 ते 42. टायरच्या बाजूला छापलेला वरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. ट्यूबलेस, म्हणजे ट्यूब नसलेला टायर असेल तर एका चाकात 60 मिलिलिटर सीलंट (भोक बुजवणारा द्रव) पुरे.

पाऊस पडल्यावर चुऱ्याची आणि मातीची वाट अगदी वेगळी वागते. वर सांगितलेली पॅसेज वाट कंबरलँडला चेसापीक आणि ओहायो कालव्याच्या काठाला जुळते आणि तिथून वॉशिंग्टनपर्यंत जाता येतं. चुऱ्याची वाट पाणी लवकर जिरवते; कालव्याचा मातीचा काठ मात्र रबडी धरून बसतो, मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये गोळे होतात आणि चाकच अडतं. तिथे मडगार्ड आणि टायर यांत किमान 10 मिलिमीटर जागा हवी. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस वाट वाळू देणं शहाणपणाचं. ओल्या चुऱ्याचा चिखल चेन आणि ब्रेकपॅडवर पॉलिश पेपरसारखा चालतो. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारे) असतील तर पॅडची जादा जोडी बरोबर हवीच. संध्याकाळी बाटलीतलं पाणी हळूच ओतून चेन धुवा, फडक्याने पुसा, मगच तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर. प्रेशरचं पाणी बेअरिंगमध्ये घुसतं, ते नको.

सपाट वाट बसण्याच्या जागेची परीक्षा घेते. डोंगरी रस्त्यावर उतार लागला की पाय थांबतात, बूड उचललं जातं. इथे तास-तास पॅडल थांबतच नाही. दर पंधरा मिनिटांनी एक गिअर जड करून वीस पॅडल उभ्याने मारा, हातांची पकड बदला. पॅडलच्या मिनिटाला 75 ते 85 फेऱ्या ठेवा. बोटं मुंग्या येऊन बधिर व्हायला लागली, तर सीटचं नाक खाली झुकलंय का ते आधी बघा, कारण तेव्हा सगळं वजन तळव्यांवर येतं.

वेगाचा हिशेब असा धरा: डांबरावर ताशी 17 ते 18 किलोमीटर, चुऱ्यावर 14 ते 15, मुळांच्या काठावर 10 ते 12. पहिला दिवस 40 ते 50 किलोमीटरांचा, पुढे 60 ते 70. थांबे धरले तर चुऱ्यावरचे 60 किलोमीटर सहा तास घेतात.

ऐतिहासिक गोष्टी दोन जागी असतात. पूल, बोगदे, पाणदारं (नावा वर-खाली करणारी कालव्याची दारं), जुनी स्टेशनं वाटेवरच. इंग्लंडमधल्या कालव्यांवरच्या जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर बोट फिरवून बघा: नावा ओढणाऱ्या घोड्यांच्या दोरांनी दगडात किंवा लोखंडी पट्टीत खोल खाचा पाडलेल्या सापडतात. किल्ले आणि जुनी गावं मात्र उंचावर. लोहमार्गाने चढ टाळला म्हणून स्टेशन खाली राहिलं आणि गाव दोन-तीन किलोमीटर वर. दिवसभर सपाटीवर असलेल्या माणसाला तो आठ-दहा टक्क्यांचा चढ अवचित भेटतो. सर्वांत हलक्या गिअरला पुढच्या दात्यांची संख्या मागच्याइतकी किंवा कमी हवी, उदाहरणार्थ पुढे 32, मागे 34. नाहीतर बॅगा खाली मुक्कामावर उतरवून वर जा.

बोगद्यांसाठी वेगळी तयारी लागते. स्पेनमधल्या व्हिया वेर्दे दे ला सिएरा या 36 किलोमीटरांच्या वाटेवर 30 बोगदे आहेत; तिथे रेल्वे कधी धावलीच नाही, काम अर्धवट राहिलं. उन्हातून थेट आत गेलं की काही सेकंद डोळ्यांसमोर काळोख येतो. तोंडाशी थांबा, गॉगल काढा, पुढचा किमान 200 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आणि मागचा लाल दिवा लावा, मग आत शिरा. छतातून पाणी टपकतं, त्यामुळे जमीन निसरडी असते. चेसापीक कालव्यावरचा पॉ पॉ बोगदा सुमारे 950 मीटरांचा. पाण्याच्या कडेची वाट अरुंद, सायकल ढकलतच न्यायची. काही बोगदे हिवाळ्यात दारं लावून बंद करतात, तारखा आधी तपासा.

वाटेच्या तोंडाशी गाड्या अडवायला खांब किंवा फाटकं असतात. रांगेत जाताना पुढच्याने मोठ्याने सांगायचं, नाहीतर मागच्याला खांब त्याच्या पाठीआड राहतो आणि ऐनवेळी समोर येतो. दोन्ही बाजूंच्या मागच्या बॅगा धरून रुंदी 60 सेंटिमीटरच्या आत ठेवा. कालव्याच्या पुलाखाली वाट अरुंद, वळण आंधळं आणि एका बाजूला पाणी. घंटा वाजवून उतरलेलं बरं. घोडा दिसला तर मात्र मागून घंटा नको, माणसाच्या आवाजात हाक द्या.

सामानात दोन ट्यूब, सहा पॅच, पंप, चेनची जोडकडी, 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, दोन पाच-मिलिमीटरचे रॅकचे बोल्ट आणि प्लॅस्टिकचे टाय. खडबडीत वाटेवर रॅकचे बोल्ट सैल होतात, रोज सकाळी आवळा. काठावरची काटेरी कुंपणं छाटली की वाटभर काटे पडतात; एका टायरमधून पाचसहा निघणं नवल नाही. टायरच्या आतून बोट फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका.

गाडी येऊ शकत नाही अशा जागी मदतही उशिरा येते. वाटेवरच्या शेवटच्या किलोमीटरच्या खांबाचा आकडा आणि शेवटचा ओलांडलेला रस्ता लक्षात ठेवा. परतीच्या रेल्वेत सायकलची जागा तिकिटासोबतच राखून घ्या, कारण बऱ्याच गाड्यांत सायकलींच्या जागा मोजक्याच असतात.