पिशवी भरण्याआधी घर बघा

मुंबईत मानखुर्दला माझं किराणा दुकान आहे. २०२० च्या टाळेबंदीत अर्धं शटर वर करून आम्ही चौघं पिशव्या वाटायला लागलो. ५ किलो तांदूळ, ५ किलो आटा, किलोभर साखर, लिटरभर तेल. रात्री किती पिशव्या गेल्या ते मोजायचं आणि समाधानानं झोपायचं. वर्षभरानं वस्तीत आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आल्या नि गल्ल्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, पोटं भरली, पण रक्त कुणाचंच वाढलं नाही." राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे मला त्यांच्याकडूनच पहिल्यांदा कळलं.

तुम्ही सोसायटीत, मंडळात किंवा दुकानात अन्नपेढी, म्हणजे गरजूंना शिधा वाटायची जागा, काढणार असाल, तर माझी ही चूक करू नका. पहिले १५ दिवस काहीच वाटू नका. एक वही घ्या आणि घरं फिरा. घरात माणसं किती, त्यात ५ वर्षांखालचं कोण, पोटुशी कोण, साखर किंवा बीपीची गोळी कोण घेतं, रेशनकार्ड चालू आहे का, आणि गॅस किती दिवस पुरतो. हा शेवटचा प्रश्न मला सुचलाच नव्हता. भरपूर प्रोटीन म्हणून मी काबुली चणे दिले होते. ज्या घरात कुकर नाही, तिथे चणे शिजवायला तास-दीड तास गॅस जाळायचा कुणी? दोन बायकांनी चणे परत आणले, एकीनं ते विकून रॉकेल घेतलं. तिचं काय चुकलं?

वहीतून दुसरं एक कळतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांचं) कार्ड असेल तर घराला ३५ किलो. कार्ड चालू असेल, तर तांदूळ-गहू तुम्ही वर आणखी द्यायची गरज नाही. कार्ड अडलेलं असेल, तर आधी ते सोडवायला मदत करा, तोवर धान्य द्या. पेढीनं द्यायचं ते रेशनवर नसतं ते. आमची चार माणसांची पिशवी आता अशी असते: मूगडाळ आणि मसूर किलो-किलो, शेंगदाणे १ किलो, नाचणीचं पीठ अर्धा किलो, कुळथाचं पीठ अर्धा किलो, तेल १ लिटर, पाव किलो सुकट, आणि १२ अंड्यांची चिठ्ठी. अंडी आम्ही ठेवत नाही, फुटतात. कोपऱ्यावरच्या अंडेवाल्याकडे चिठ्ठी दाखवली की तो देतो, दर रविवारी हिशेब. काही देणगीदार अंडी-सुकटीला पैसे देणार नाहीत म्हणतात. वाद घालू नका, त्यांचे पैसे डाळीच्या खात्यात टाका.

साखर-बीपीच्या घरची पिशवी वेगळी. तिथे साखर नाही, पापड-लोणचं नाही, फरसाण तर नाहीच. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, त्याच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणच्याच्या एका फोडीतही बरंच मीठ असतं. जगातली पहिली अन्नपेढी १९६७ साली अमेरिकेत फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी काढली. तिथल्या पेढ्यांसाठी २०२० साली मीठ, साखर आणि चरबी बघून पदार्थांचे तीन गट पाडायचा नियम तयार झाला. नेहमी द्यायचे, कधीमधी द्यायचे, क्वचित द्यायचे. आम्ही फळीवर हिरवी, पिवळी, लाल चिंधी बांधली. बिस्किटांची खोकी आली की ती लाल फळीवर.

तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे कुणी आणून दिले, तर घेऊ नका. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध, आणि असे डबे फुकट वाटायला १९९२ चा कायदाही आडवा येतो.

आता दंडाच्या पट्टीबद्दल. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेला, तर ते तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ म्हणजे सावध. ही पट्टी अंगणवाडीताईंकडे असते, त्यांनाच मोजू द्या. तुमचं काम, पट्टीच्या लाल भागातलं, म्हणजे ११.५ च्या खालचं, पोर दवाखान्यात पोचतंय ना, हे बघणं. पायांवर सूज असेल, तर त्याच दिवशी. आपण खिचडी भरवून पोर बरं करू, असा हट्ट धरू नका.

पिशवी दिली म्हणजे शिजलं, असं नसतं. मंगळवारी दुपारी ३ वाजता दुकानामागे शेगडी लावतो. पाणी भरून झालेलं असतं, बायकांना तासभर मिळतो. मी संगमेश्वरचा, त्यामुळे कुळथाची पिठी माझ्याच हातची: तेलात लसूण-मिरची, पीठ गार पाण्यात कालवून ओतायचं, ढवळत राहायचं, १० मिनिटांत तयार. सोबत नाचणीची भाकरी नि कांद्यात परतलेली सुकट. वर लिंबू पिळायचंच, त्यानं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासाभरानं घ्या. चहावर बोललो, की मात्र सगळ्या हसतात आणि कुणी ऐकत नाही. बीटरूटच्या रसानं रक्त वाढतं, हेही डोक्यातून काढायला वेळ लागतो. बीट खा, पण त्यात लोह फार नाही.

रेशनच्या तांदळातले वेगळे दाणे प्लास्टिक म्हणून वेचून फेकणारी घरं आमच्याकडे होती. त्या दाण्यांत लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ होतं, आणि शंभर किलो तांदळाला एक किलो असे ते मुद्दाम मिसळलेले होते. मी भाषण केलं नाही. सगळ्यांसमोर वेगळं न काढता भात शिजवला नि आधी मीच खाल्ला.

शिजलेलं उरलेलं अन्न घेणार असाल, तर कडक व्हा. एकदा एका हॉलमधून रात्री साडेअकराला पुलाव आला. संध्याकाळी ७ पासून तसाच उघडा होता, मला विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा पोरांना उलट्या. तेव्हापासून नियम: किती वाजता शिजलं ते विचारायचं, ६० अंशांवर गरम नसेल किंवा दोन तास बाहेर असेल तर नाही म्हणायचं. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे केंद्राचे नियम आहेत, ते वाचून नोंदणी करूनच हात घाला.

तीन महिन्यांनी वही उघडा. पोरांचं वजन अंगणवाडीकडून, बायकांचं हिमोग्लोबिन (रक्ताचं प्रमाण) पालिकेच्या 'आपला दवाखाना'तून, त्यांची परवानगी घेऊन लिहा. आणि एकच प्रश्न विचारा: काय उरलं? आमच्याकडे सोयाबीनच्या वड्या उरत होत्या, त्या बंद केल्या. जूनपासून नाका कामगारांची, म्हणजे नाक्यावर उभं राहून रोजचं काम मिळवणाऱ्यांची, कामं कमी होतात, तेव्हा जुलै-ऑगस्टच्या पिशव्यांचे पैसे आत्ताच बाजूला काढा. आणि नाचणीचं पीठ पावसात किलोनं देऊ नका, पंधरवड्यात किडे होतात.