जुनं हॅलोपेरिडॉल, नवं रिस्पेरिडोन: रॅटवर तुलना करताना या चुका टाळा

एम. फार्म.च्या प्रबंधासाठी गोव्यातल्या प्रयोगशाळेत सायकोसिससारख्या मनोविकारांवरच्या या दोन औषधांची तुलना करणार असाल, तर आधी डोसचं गणित तपासा. घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

दोन्ही औषधं किलोमागे 1 मिलिग्रॅम दिली की बरोबरी झाली, असं वाटतं. माणसात साधारण 65 ते 80 टक्के डी-2 रिसेप्टर (मेंदूतले डोपामिन पकडणारे रेणू) अडले की औषध लागू पडतं, त्याच्या वर हातपाय ताठरू लागतात. रॅटमध्ये एका इंजेक्शनने एवढं साधायला रिस्पेरिडोन किलोमागे 0.5 ते 1 मिलिग्रॅम लागतं, हॅलोपेरिडॉल मात्र 0.04 ते 0.08 पुरतं. म्हणजे जुन्या औषधाचा गरजेच्या दहापटीहून जास्त डोस देऊन आपण त्यालाच वाईट ठरवतो! छापून आलेल्या तुलनांतही हा पक्षपात दिसतो.

दीर्घ प्रयोगात रोज एक इंजेक्शन पुरत नाही. रॅटच्या शरीरातून ही औषधं माणसापेक्षा चार ते सहापट वेगाने निघून जातात, दुसऱ्या सकाळपर्यंत रिसेप्टर मोकळे. हॅलोपेरिडॉलसाठी त्वचेखाली बसवायचा ऑस्मोटिक पंप (औषध सतत थोडं थोडं सोडणारी कुपी) बरा. याच गटातलं क्लोझापिन तुलनेत घेतलं तर ते मात्र पाण्यात नीट विरघळत नाही, त्याला पंप जमत नाही. ते आम्लात विरघळवून पीएच सांभाळावा लागतो आणि कंट्रोल गटालाही तेच द्रावण, औषधाविना, द्यायचं. हे हमखास विसरलं जातं.

रॅट हलत नाही म्हणजे कॅटॅलेप्सी (ठेवलेल्या स्थितीतच ताठरून राहणं), असंही नाही. क्लोझापिनने त्याला नुसती गुंगी येते. पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवून पाहा: गुंगीतला रॅट घसरतो किंवा उतरतो, कॅटॅलेप्सीतला तसाच टांगून राहतो. तोच रॅट पुन्हा पुन्हा दांडीवर चढवू नका. हॅलोपेरिडॉलखाली त्या जागेचीच सवय जडते आणि कॅटॅलेप्सी दिवसेंदिवस वाढत जाते.

प्रीपल्स इनहिबिशनच्या (मोठ्या आवाजाआधी हलका आवाज दिला की दचकणं किती कमी होतं, त्याच्या) चाचण्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत लावू नका. बाहेर फटाके आणि घुमट (गोव्यातलं मातीचं तालवाद्य) वाजत असताना दचकण्याचं मोजमाप काय करणार? पावसाळ्यात वीज गेली की दिव्यांचा टायमरही तपासा, रात्र-दिवस उलटले की निशाचर रॅटची हालचाल बदलते.

सिरिंजवर औषधाचं नाव नको, क्रमांक लिहा. कुठला क्रमांक कुठल्या औषधाचा याची यादी सहकाऱ्याकडे द्या, आकडे भरून होईपर्यंत मागू नका.