खरिपाचा पेरा कागदावर कसा मांडाल: कपाशी, सोयाबीन, तूर

गेल्या हंगामातला कळमन्याच्या (नागपूरच्या बाजार समितीचा) भाव बघून यंदाचा पेरा ठरवणारे नागपूर जिल्ह्यात पुष्कळ. पुढचा भाव कुणाला ठाऊक नसतो. जमिनीची खोली, घरचं बियाणं आणि मिळणारे मजूर मात्र मे महिन्यातच मोजता येतात. पेरा त्यावरून ठरवा.

प्रत्येक वावर वेगळं लिहा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र धरू नका. धुरे (बांध), नाला, संत्र्याची झाडं वजा करून जेवढं पेरता येतं तेवढंच. दोन-तीन ठिकाणी खणून बघा. दीड फुटाच्या आत मुरूम लागला तर तिथे कोरडवाहू कपाशी नको; पाऊस गेला की बोंडं भरायच्या वेळीच पऱ्हाटी सुकते. तिथे कमी दिवसांचं सोयाबीन किंवा मूग-उडीद बरं. भारी वावर कपाशी-तुरीला द्या, पण पाणी तुंबत असेल तर तूर मरते, हे विसरू नका. कपाशीचे एकर वेचणीला किती माणसं मिळतील यावरूनच ठरवा.

आता बियाणं. सोयाबीनचं घरचं बियाणं चालतं, पण उगवण तपासल्याशिवाय नाही. सगळ्या पोत्यांतून, वरून-खालून मूठमूठ दाणे काढून एकत्र करा. त्यातले न निवडता 100 दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत ठेवा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच धरायचे. नुसते फुगलेले, तुटक्या डाळीचे सोडून द्या. अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढा. 70 टक्के आली तर एकरी 30 किलो पुरे. कमी आली तर 30 ला 70 ने गुणून आलेल्या टक्क्यांनी भागा: 64 टक्क्यांना साधारण 33 किलो. 60 च्या खाली गेलं तर ते पेरू नका, धान्य म्हणून विकलेलं बरं. चांगली उगवण असलेलं बियाणंही पोती आपटली की बिघडतं, कारण सोयाबीनचं साल फार नाजूक.

बीटी कपाशीचं पाकीट 475 ग्रॅमचं. एकरी दोन धरून चाला. ओलित (सिंचनाची सोय) आहे म्हणून मेमध्ये लावायची घाई नको. लवकर आलेल्या पात्या (कळ्या) आणि फुलांवर गुलाबी बोंडअळीची पहिली पिढी पोसते.

पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवला तरी मोजता येतं: साडेसात सेंटिमीटर पाणी म्हणजे 75. सोयाबीन 3 ते 4 सेंटिमीटरच खोल पडू द्या. तिफण (पेरणीचं अवजार) खोल गेली आणि वर पपडी धरली की कोंब आतच मोडतो. मग दुबार पेरणी.

पाऊस लांबला तर काय, तेही त्याच कागदावर आधी लिहून ठेवा. जुलैचा पहिला आठवडा उलटला की मूग-उडीद खोडा. 15 जुलैनंतर सोयाबीन-कपाशीचे एकर कमी करून तुरीकडे वळवा.

बेत बदलला की कागदही बदला. ई-पीक पाहणीत (सरकारी ॲपवरच्या पिकाच्या नोंदीत) आणि पीक विम्याच्या अर्जात प्रत्यक्ष उभं असलेलंच पीक लागतं. दोन्हींत फरक पडला तर दावा अडकतो.