नेक्स्टक्लाउडचा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर न्यायचा तर

आम्ही पाच-सहा जण जुन्या मोडी कागदांची छायाचित्रं काढून एका जागी जमा करतो. त्यासाठी एका जुन्या डेस्कटॉपवर नेक्स्टक्लाउड, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर फाइली ठेवून त्या इतरांशी शेअर करायचं ॲप, बसवलं होतं. बसवताना 'डेटाबेस कोणता?' या प्रश्नावर आधीच निवडून आलेलं एसक्यूलाइट आम्ही तसंच राहू दिलं. वर्षभर काहीही बिघडलं नाही. मग एका रविवारी दोघांनी एकाच वेळी हजारेक फाइली चढवायला घेतल्या. पान फिरत राहिलं, आणि लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदवहीत, एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसू लागली : 'डेटाबेस इज लॉक्ड'.

यात एसक्यूलाइटचा दोष नाही. तो अख्खा डेटाबेस एकाच फाइलीत राहतो आणि तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं. तुमच्या फोनमधली कितीतरी ॲप तेच वापरतात, कारण तिथे लिहिणारा एकच असतो. नेक्स्टक्लाउडच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही एसक्यूलाइट फक्त चाचणीसाठी आणि अगदी लहान मांडणीसाठी वापरा असंच म्हटलं आहे. आम्ही ते उशिरा वाचलं.

मग डेटाबेस मारियाडीबीत, म्हणजे अनेकांना एकाच वेळी लिहू देणाऱ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये, हलवायचं ठरवलं. खाली उदाहरण नेक्स्टक्लाउड आणि मारियाडीबीचं आहे, मशीनवर उबुंटू किंवा डेबियन धरलं आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची. ॲप चालतं ते मशीन १९२.१६८.१.१० आणि डेटाबेसचं मशीन १९२.१६८.१.२० असं समजू.

वेगळं मशीन खरंच हवं का?

तीन-चार जणच वापरणार असतील तर मारियाडीबी त्याच मशीनवर बसवा आणि मोकळे व्हा. ॲपच्या मशीनची मेमरी पुरत नसेल, किंवा दोन-तीन ॲपचे डेटाबेस एकाच जागी ठेवून त्यांचा बॅकअपही एकत्र घ्यायचा असेल, तर वेगळं मशीन कामाचं.

मात्र दोन्ही मशीन जवळजवळ हवीत, शक्यतो एकाच नेटवर्कवर. एक पान उघडताना ॲप डेटाबेसला कितीतरी प्रश्न विचारतं, आणि बरेचसे एकामागून एक. समजा ५० प्रश्न आहेत आणि डेटाबेस परदेशातल्या डेटा सेंटरमध्ये असल्यामुळे प्रत्येक फेरीला १०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे नुसत्या ये-जा करण्यातच ५ सेकंद गेले. सर्व्हर कितीही तगडा घ्या, हे अंतर कमी होत नाही. शिवाय इंटरनेटवरून जोडायचं तर जोडणी टीएलएसने किंवा व्हीपीएनमधून, म्हणजे कुलूपबंद करून, न्यावी लागते, नाहीतर तुमची माहिती वाटेत उघडी पडते.

आधी थांबवा, मग नक्कल काढा

ॲपाची हा वेब सर्व्हर बंद करा. नेक्स्टक्लाउडचं क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम) लावलेलं असेल तर त्याच्या ओळीच्या सुरुवातीला '#' ही चौकटीची खूण टाकून तेही थांबवा. हे क्रॉन लोक हमखास विसरतात आणि मग नक्कल चालू असतानाच मागून कोणीतरी लिहीत राहतं. यानंतर कॉन्फिग फोल्डर आणि डेटा फोल्डर यांची दुसऱ्या डिस्कवर नक्कल घ्या. एसक्यूलाइटची फाइल डेटा फोल्डरमध्येच असते, '.डीबी'ने संपणारी.

आणखी एक छोटं काम. एसक्यूलाइटच्या फाइलीत 'ओसी_फाइलकॅश' आणि 'ओसी_युजर्स' या तक्त्यांमध्ये किती ओळी आहेत ते मोजून कागदावर लिहून ठेवा. शेवटी हेच आकडे ताळा करायला लागतात.

डेटाबेसचं मशीन

मारियाडीबी-सर्व्हर बसवा आणि लगेच 'मारियाडीबी-सिक्युअर-इन्स्टॉलेशन' चालवा. मग 'ईटीसी/मायएसक्यूएल/मारियाडीबी.कॉन्फ.डी' या फोल्डरमधली '५०-सर्व्हर.सीएनएफ' उघडा. तिथे 'बाइंड-ॲड्रेस'पुढे १२७.०.०.१ असतं, म्हणजे फक्त स्वतःशी बोलायची परवानगी. त्याजागी १९२.१६८.१.२० लिहा आणि सेवा पुन्हा सुरू करा. ०.०.०.० लिहिलं तरी चालतं, पण मग आड भिंत उरते ती एकट्या फायरवॉलची. फायरवॉलमध्ये ३३०६ हा मारियाडीबीचा पोर्ट (जोडणीचं दार) १९२.१६८.१.१० या एकाच पत्त्यासाठी उघडा. राउटरवरून तो बाहेर इंटरनेटला उघडण्याचा मोह कोणत्याही कारणाने नको.

आता मारियाडीबीत शिरून डेटाबेस आणि वापरकर्ता तयार करा :

क्रिएट डेटाबेस नेक्स्टक्लाउड कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ कोलेट यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय;
क्रिएट युजर 'नेक्स्टक्लाउड'@'१९२.१६८.१.१०' आयडेंटिफाइड बाय 'लांबलचक पासवर्ड';
ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन नेक्स्टक्लाउड.* टू 'नेक्स्टक्लाउड'@'१९२.१६८.१.१०';

पहिल्या ओळीतल्या त्या 'एमबी४'कडे मराठी माणसाने दोनदा पाहावं. मायएसक्यूएलच्या घराण्यात (मारियाडीबी त्यातलीच) 'यूटीएफ८' नावाचा जो जुना अक्षरसंच आहे, त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. देवनागरीची अक्षरं बरोबर ३ बाइटची, त्यामुळे फाइलींची मराठी नावं त्यात नीट बसतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. एखाद्या फोल्डरच्या नावात कोणी इमोजी टाकला की ४ बाइट लागतात, आणि 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' येतं. युनिकोडमध्ये २०१४ साली आलेली मोडी अक्षरंही ४ बाइटचीच आहेत. आमच्यातल्या एकाने दप्तरांची नावं हौसेने मोडीतच लिहिली होती, त्यामुळे आम्हाला इथे गाफील राहून चालणार नव्हतं.

दुसऱ्या ओळीतला '@'च्या पुढचा भाग शोभेचा नाही. मारियाडीबीच्या लेखी माणूस म्हणजे नाव अधिक पत्ता. 'नेक्स्टक्लाउड'@'लोकलहोस्ट' हा वेगळा माणूस आणि 'नेक्स्टक्लाउड'@'१९२.१६८.१.१०' हा वेगळा. एकाचा पासवर्ड दुसऱ्याला चालत नाही.

ॲपला हात लावण्याआधी

बहुतेकांचा वेळ इथेच जातो, कारण ही पायरी गाळून ते थेट ॲपची फाइल बदलतात. मग पानावर 'इंटर्नल सर्व्हर एरर' एवढंच येतं आणि नेटवर्क, पासवर्ड, पीएचपी (नेक्स्टक्लाउड ज्या भाषेत लिहिलंय ती) की ॲप, नेमकं काय अडलं ते कळायला मार्ग उरत नाही.

ॲपच्या मशीनवर नुसता मारियाडीबी-क्लायंट बसवा आणि तिथूनच हाक मारा :

मारियाडीबी -एच १९२.१६८.१.२० -यू नेक्स्टक्लाउड -पी

आत शिरलात तर छान. नाही शिरलात तर काय उत्तर आलं ते शब्दशः वाचा, कारण प्रत्येक उत्तराचा अर्थ निराळा आहे.

बराच वेळ काहीच न होता शेवटी 'टाइम्ड आउट' आलं, तर तुमचा निरोप पोचलाच नाही. पत्ता चुकला असेल किंवा फायरवॉलने तो मुकाट्याने गिळला असेल. पासवर्डशी झटापट करू नका, तिथवर गाडी गेलेलीच नाही.

लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, तर मशीन सापडलं, पण ३३०६ वर कोणी ऐकत नाही. सेवा बंद आहे किंवा बाइंड-ॲड्रेस अजून १२७.०.०.१ वरच आहे.

११३० क्रमांकाची चूक आणि 'होस्ट इज नॉट अलाउड' आलं, तर दार उघडलं, पण या पत्त्यावरून येणाऱ्या कोणाचंही नाव यादीत नाही. चुकीत जो पत्ता छापून येतो तोच खरा समजा. तुम्हाला वाटत असलेला आणि हा वेगळा निघतो, असं बरेचदा होतं.

१०४५ म्हणजे 'ॲक्सेस डिनाइड'. आता मात्र नाव किंवा पासवर्ड तपासा.

२००२ येऊन त्यात सॉकेटचा उल्लेख दिसला, तर तुम्ही पत्त्याऐवजी 'लोकलहोस्ट' लिहिलं आहे. हा शब्द दिसला की क्लायंट नेटवर्ककडे न जाता स्वतःच्याच मशीनवर सॉकेटची फाइल शोधत बसतो.

क्लायंटने आत जाता आलं की नेटवर्क आणि पासवर्ड या दोन्ही संशयितांना सोडून द्यायचं. पुढे काही अडलं तर ते पीएचपी किंवा ॲपमध्ये.

रूपांतर

'पीएचपी -एम' चालवून यादीत 'पीडीओ_मायएसक्यूएल' (पीएचपीला मारियाडीबीशी बोलू देणारा ड्रायव्हर) आहे का पाहा; नसेल तर 'पीएचपी-मायएसक्यूएल' बसवा. मशीनवर पीएचपीच्या दोन आवृत्त्या असतील तर टर्मिनलमधली एक आणि वेबसाठी चालणारी दुसरी असू शकते. ड्रायव्हर दोन्हीकडे हवा.

मग नेक्स्टक्लाउडच्या फोल्डरमध्ये जाऊन 'ओसीसी' हे त्याचं टर्मिनलमधलं साधन चालवा :

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा पीएचपी ओसीसी डीबी:कन्व्हर्ट-टाइप --ऑल-ॲप्स मायएसक्यूएल नेक्स्टक्लाउड १९२.१६८.१.२० नेक्स्टक्लाउड

शेवटच्या चार शब्दांचा क्रम असा : डेटाबेसचा प्रकार, वापरकर्ता, पत्ता, डेटाबेसचं नाव. मारियाडीबी असली तरी प्रकार 'मायएसक्यूएल' असाच लिहायचा. '--ऑल-ॲप्स' दिलं नाही तर बंद करून ठेवलेल्या ॲपचे तक्ते मागेच राहतात. पासवर्ड आज्ञेत लिहू नका, तो टर्मिनलच्या इतिहासात साठून राहतो. ओसीसी स्वतःहून विचारतं. मध्येच वीज गेली आणि अर्धवट तक्ते राहिले, तर पुन्हा चालवताना '--क्लिअर-स्कीमा' जोडा. मारियाडीबीऐवजी पोस्टग्रेस या डेटाबेसकडे जाणाऱ्यांनी प्रकार 'पीजीएसक्यूएल' लिहावा, पोर्ट ५४३२.

काम झालं की 'कॉन्फिग.पीएचपी' उघडून वाचा. 'डीबीटाइप', 'डीबीहोस्ट', 'डीबीनेम', 'डीबीयुजर' आणि 'डीबीपासवर्ड' नवे दिसले पाहिजेत. 'मायएसक्यूएल.यूटीएफ८एमबी४'पुढे 'ट्रू' आहे का पाहा. नसेल तर तसं लिहून 'ओसीसी मेंटेनन्स:रिपेअर' चालवा. या फाइलीत पासवर्ड उघडा असतो, तेव्हा ती वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याशिवाय कोणाला वाचता येऊ नये.

ताळा

ॲपाची सुरू करण्याआधी कागदावरचे आकडे काढा. मारियाडीबीत त्याच दोन तक्त्यांच्या ओळी मोजा. जुळले तर ॲपाची आणि क्रॉन सुरू करा, लॉगिन करा, मराठी नावाची आणि इमोजीच्या नावाची एकेक फाइल चढवा. मग जुन्या एसक्यूलाइट फाइलीवरची वेळ बघा. ती पुढे सरकली असेल तर ॲप अजून जुन्याच फाइलीत लिहितंय. आकडेच जुळले नाहीत तर नकलेतली जुनी कॉन्फिग.पीएचपी परत ठेवली की तुम्ही पूर्वपदावर येता. ही सोय लोक पुन्हा काम सुरू करेपर्यंतच आहे, कारण त्यानंतर चढलेल्या फाइलींची नोंद जुन्या डेटाबेसमध्ये नसते.

दोन गोष्टी ज्या नंतर कळतात

आमच्याकडे सगळं लागल्यावर आठवड्याभरात वीज गेली. परत आल्यावर राउटरने ॲपच्या मशीनला १९२.१६८.१.१४ हा नवा पत्ता दिला, आणि पानावर फक्त चूक. लॉगमध्ये 'टाइम्ड आउट', कारण फायरवॉलमध्ये वाट होती ती फक्त जुन्या पत्त्याला. त्यामुळे शोधायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोन्ही मशीनचे पत्ते राउटरमध्ये कायमचे बांधून टाका. डेटाबेसच्या मशीनला तर हे जास्तच हवं : सुरू होताना पत्ता मिळालेला नसेल, तर बाइंड-ॲड्रेसवर बसायला जागाच नसते आणि मारियाडीबी उठत नाही.

दुसरी गोष्ट बॅकअपची, आणि ती चूक सर्वस्वी माझी. रोज रात्री डेटा फोल्डरची नक्कल काढणारी जुनी स्क्रिप्ट तशीच चालू होती. पूर्वी त्यात डेटाबेसही आपोआप येत असे, आता येत नव्हता. म्हणजे छायाचित्रं होती, पण ती कोणाबरोबर शेअर केली, कोणत्या कागदाला कोणता टॅग लावला, हे काहीच नाही. तीन आठवड्यांनी ते लक्षात आलं. आता डेटाबेसच्या मशीनवर रोज 'मारियाडीबी-डंप --सिंगल-ट्रान्झॅक्शन' चालतं, त्यानंतर लगेच डेटा फोल्डरची नक्कल निघते, आणि जुनी '.डीबी' फाइल डेटा फोल्डरमधून काढून 'वापरात नाही' अशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे.