मुंबईत लॉनचं बी पेरायचं कधी?

मृगाचा पहिला पाऊस पडला की सोसायटीच्या बागेत बी टाकायची घाई सुरू होते. पाऊस आला की पेरायचं, ही शेतीची सवय आपल्या रक्तातच आहे. लॉनच्या बियाण्याला मात्र ती नडते. मुंबईत जूनला पेरलेलं बी जुलैत गटाराच्या जाळीशी उगवलेलं दिसतं, आणि जिथे पेरलं तिथे लव्हाळा माजलेला असतो.

कारण बियाण्याच्या आकारात आहे. मुंबईच्या हवेत बियांपासून नीट धरणारं गवत म्हणजे बर्म्युडा, आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच कुळातल्या. सोललेल्या बियांचे एका ग्रॅममध्ये चार हजारांच्या आसपास दाणे बसतात. इतकं बारीक बी पाव इंचापेक्षा खोल गेलं तर वर येत नाही, म्हणून ते जवळजवळ उघड्यावरच पेरावं लागतं. त्यावर तासभर मुसळधार कोसळली की सगळं उताराकडे वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. जे टिकतं त्याला पुढचे दोन महिने ढगांमुळे पुरेसं ऊन मिळत नाही. हरळीला सावली अजिबात सोसत नाही. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं.

म्हणून पेरणीचा खरा काळ पाऊस जातानाचा. हस्त संपून चित्रा लागलं, म्हणजे साधारण १० ऑक्टोबर, की तिथून १० नोव्हेंबरपर्यंतचा महिना सर्वांत चांगला. ऑक्टोबर हीटला आपण कितीही शिव्या घातल्या तरी या बियाण्याला तीच मानवते. मातीचं तापमान २० ते ३५ अंश असलं की सोललेलं बी ७ ते १४ दिवसांत उगवतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार झाल्या की उगवण रेंगाळते, मुंग्या आणि कबुतरांना तेवढाच जास्त वेळ मिळतो.

तारखेपेक्षा आभाळाकडे बघा. दुपारनंतर पूर्वेकडून ढग चढून संध्याकाळी विजांसह सर येते तोवर परतीचा पाऊस संपलेला नाही. अशी सर न येता सलग सात-आठ दिवस गेले की पेरा. सणावरून हिशेब धरणाऱ्यांनी जरा जपून: २०२५ मध्ये घट २२ सप्टेंबरला बसले, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ते ११ ऑक्टोबरला येतात. घटात धान पेरलं म्हणून लॉन पेरायची वेळ झाली असं दर वर्षी होत नाही.

दुसरा काळ १५ फेब्रुवारी ते मार्चअखेर. ऊब चांगली असते, पण पाण्याचा हिशेब आधी करा. १००० चौरस फुटांना पहिले दोन आठवडे रोज साधारण ४०० लिटर लागतं. रुजल्यावर आठवड्याला इंचभर, म्हणजे साधारण २३६० लिटर, आणि मे महिन्यात त्याहून जास्त. पाणीकपात लागली आणि कोवळं लॉन तीन दिवस कोरडं राहिलं तर ते संपलंच. बोअरिंगचं पाणी असेल तरच या काळाच्या वाटेला जा. ते थोडं खारट असलं तरी रुजलेली हरळी सहन करते. कोवळ्या रोपांना मात्र टाकीचंच पाणी द्या.

एका परिस्थितीत मात्र फेब्रुवारी-मार्चच बरा, आणि ही गोष्ट पेरताना कुणाच्या लक्षात येत नाही. लॉन इमारतीच्या उत्तरेला असेल तर सावली मोजा. १०० फूट उंच इमारतीची भर दुपारची सावली ऑक्टोबरच्या मध्यावर उत्तरेकडे ५२ फूट पडते, २१ डिसेंबरला ती ९२ फूट होते आणि २१ मार्चला ३४ फुटांवर येते. म्हणजे ऑक्टोबरमध्ये उन्हात पेरलेला पट्टा डिसेंबरमध्ये दिवसभर सावलीत बुडतो. वाफ्यात इमारतीपासून ५० ते ९० फुटांमधलं गवतच पिवळं पडलं की लोक खताला दोष देतात, दोष सूर्याचा असतो. दोन टॉवरच्या मधल्या फटीत तर कुठल्याच ऋतूत बी टाकू नका. तिथे रुंद पानांचं, सावली सोसणारं कार्पेट ग्रास रोपांनी लावा.

मेक्सिकन, कोरियन वगैरे लॉन बियांपासून करत नाहीत, ते गवताच्या गादीचे तुकडे किंवा मुळांसकट काड्या लावून होतं. त्यांना जूनच्या पहिल्या सरी किंवा ऑगस्टअखेर चालतो. आणि ऑनलाइन मिळणारी फेस्क्यू, केंटकी ब्ल्यूग्रास, रायग्रास ही पाकिटं थंड हवेच्या देशांसाठी आहेत. त्यावरचा हिरवागार फोटो बघून भुलू नका. नोव्हेंबरमध्ये छान उगवतात आणि एप्रिलमध्ये करपतात.

पेरणी ऑक्टोबरची असली तरी कामाला गणपतीनंतर लागायचं. आधी खडी, सिमेंटचे गोळे, टाइल्सचे तुकडे काढून जमीन ६ इंच खोल खणा. भराव अगदीच वाईट असेल तर वर ३ इंच लाल माती घाला. १००० चौरस फुटांना ती अडीच ब्रास लागते (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तिच्यात पाऊण ब्रास चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. ओलं शेण टाकलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आलीच, आणि तिच्याबरोबर दुनियेचं तण. इमारतीपासून दूर जाणारा उतार ठेवा, १० फुटांना एक ते दोन इंच. फळीने सपाट करा, खळगे राहिले तर तिथे पाणी साचून बी कुजतं.

आता थांबायचं. पितृपक्षात नवं काम सुरू करत नाहीत, तर तो पंधरवडा तणाला द्या. पाणी मारा किंवा पावसाला मारू द्या, तण उगवू दे, मग उपटा. आठवड्याने पुन्हा एकदा. लव्हाळा मात्र नुसता ओढू नका, पात हातात येते आणि गाठ खाली राहते. खुरप्याने गाठीसकट काढा. हे काम पेरणीनंतर करता येत नाही, कारण तेव्हा तुमचाही पाय वाफ्यात पडता कामा नये.

बी विकत घेतल्यावर आधी तपासा. मुंबईच्या दमट हवेत दुकानातल्या पाकिटातल्या बियांची उगवण वर्षभरात कमी होते. ओल्या टिश्यूवर १०० दाणे ठेवा, ताटलीवर झाकण घालून १० दिवस थांबा. ८० उगवले तर उत्तम, ५० उगवले तर बी दीडपट घ्या, त्याहून कमी असेल तर परत करा. १००० चौरस फुटांना ५०० ग्रॅम ते १ किलो पुरतं. जास्त टाकल्याने लॉन दाट होत नाही, रोपं एकमेकांना घुसमटवतात.

पेरायच्या दिवशी वारा पडलेला असावा, म्हणजे सकाळी आठच्या आत. बियांच्या चार-पाच पट कोरडी वाळू मिसळा, निम्मं मिश्रण पूर्व-पश्चिम चालत फेका, निम्मं दक्षिणोत्तर. दाताळ्याने हलकेच ओढा आणि फळी दाबत जा. वर गोणपाट टाका. कबुतरं उतरत नाहीत आणि पाण्याचा मार बसत नाही. पहिले हिरवे टोचे दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट उचला. एक दिवस उशीर झाला तर रोपं त्याच्या विणीत अडकून कापडाबरोबर उपटून येतात.

पाणी झारीने किंवा बारीक फवाऱ्याने, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. शेवटचं चारच्या आत. रात्रभर ओलं राहिलं की रोपं बुडाशी कुजून गोल चकत्यांमध्ये आडवी पडतात. असं दिसलं तर पाणी वाढवू नका, कमी करा. नळीचा सरळ झोत तर नकोच, पावसाने जे केलं असतं तेच तो करतो.

तीन आठवड्यांनी युरिया, १००० चौरस फुटांना ४५० ग्रॅमच, पानं कोरडी असताना भुरभुरवून लगेच पाणी. गवत अडीच इंच झालं की पहिली कापणी, वरचा एक तृतीयांशच, पात्याला धार लावून आणि माती सुकलेली असताना. हे साधारण पाचव्या आठवड्यात येतं. जिथे टक्कल राहिलं असेल तिथे नोव्हेंबर संपायच्या आत चिमूटभर बी टाका, नाहीतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबा. मुलांना बॅट घेऊन सोडायचं ते तिसऱ्या कापणीनंतर.